राखणदारानेच सेल खाल्ले

टँकर मागवायचा की नाही, हा मीरा रोडच्या काशीगावातल्या आमच्या सोसायटीत रोजचा प्रश्न. तो सोपा व्हावा म्हणून गच्चीवरच्या टाकीला एक छोटी पेटी बसवली. दर पंधरा मिनिटांनी जागं व्हायचं, पाण्याची पातळी मोजायची, पाणी फारच खाली गेलं असेल तर सेक्रेटरींना एसएमएस करायचा आणि पुन्हा झोपायचं, एवढंच तिचं काम. बसवणारा म्हणाला होता, सेल सहा महिने चालतील. ते आठवडाभरात संपले. नवे घातले, तेही तसेच गेले.

दोष सेलचा नव्हता. कुंपणानेच शेत खाल्लं होतं.

अशा बहुतेक पेट्यांमधल्या चिपवर ‘वॉचडॉग’ नावाचं एक वेगळं घड्याळ असतं. ते उलटं मोजत जातं. प्रोग्रामने अधूनमधून त्याला ‘मी ठीक आहे’ असं कळवायचं, की मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. कामावरची मंडळी याला ‘किक मारणं’ म्हणतात. प्रोग्राम हँग झाला तर किक येत नाही, मोजणी शून्यावर येते आणि घड्याळ चिपला सरळ रिसेट करतं. वायफायचा राउटर अडकला की आपण प्लग काढून पुन्हा लावतो. इथे ते काम माणसाशिवाय होतं. गच्चीवर रोज चढायला एक वेळ कुणी सापडेल. पण महावेध प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रं राज्यभरच्या महसूल मंडळांत उभी आहेत आणि तिथला पावसाचा आकडा पीकविम्याच्या हिशेबात धरला जातो. तिथलं यंत्र अडकलं तर प्लग काढायला कोण धावणार?

आमच्या पेटीत आर्डुइनो उनोवर असते तीच एटीमेगा ३२८ चिप होती. तिच्या वॉचडॉगची कमाल मुदत ८ सेकंद. झोप ९०० सेकंदांची, आणि झोपलेला प्रोग्राम किक मारणार कसा? झोप लागून आठ सेकंद झाले की वॉचडॉगला वाटायचं, हा गेला. रिसेट! पेटी दचकून उठायची, मोडेम चालू करून नेटवर्क शोधायची (त्या वेळी करंट दोन अँपिअरपर्यंत उसळतो), पातळी ठीक दिसली की परत झोपायची. आठ सेकंदांनी पुन्हा तेच. पाणी पुरेसं असताना एसएमएस जात नव्हता, म्हणून खाली कुणाला पत्ताच नाही. वॉचडॉगने आपलं काम चोख केलं होतं. झोप आणि मरण यांतला फरक त्याला कुणी सांगितलाच नव्हता.

रेल्वेने हा फरक फार आधी ओळखला. इंजिनात लोको पायलटसाठी दक्षता यंत्र असतं. साधारण ६० सेकंदांत हॉर्न, ब्रेक, कंट्रोलर यांपैकी कशालाच हात लागला नाही तर दिवा लुकलुकतो, आठ सेकंदांनी बझर वाजतो, आणखी आठ सेकंद गेली की ब्रेक आपोआप लागतात. पण गाडी उभी असताना हे यंत्र हजेरी मागत नाही. मीरा रोडहून आपण ज्या लोकलने जातो, तिचा मोटरमनही गाडी चालती असताना हँडल दाबून धरतो. हात सुटला की ब्रेक.

मग झोपताना वॉचडॉग बंदच करावा का? बरेच जण तेच करतात, आणि सोय म्हणून ते वाईट नाही. पण यंत्र हँग होतं ते पुष्कळदा नेमकं झोपेतून उठताना. सेन्सर, मोडेम, मेमरी एकापाठोपाठ एक जागे होत असतात आणि त्यातलं एखादं उत्तर देत नाही. त्या वेळी राखणदारच रजेवर असेल तर पेटी कायमची गप्प. म्हणून जाणते लोक वॉचडॉग सगळ्यांत शेवटी थांबवतात आणि जाग येताच सगळ्यांत आधी चालू करतात. काही चिपांवर तो एकदा सुरू झाला की प्रोग्रामला थांबवताच येत नाही; तिथे झोपेत तो गोठवण्याची सोय आधीच निवडून ठेवावी लागते. दोन तासांपर्यंतची मुदत देणाऱ्या वेगळ्या टायमर-चिपाही मिळतात.

आणखी एक वाईट खोड सांगायलाच हवी. काही जण किक मारायचं काम वेळेवर आपोआप वाजणाऱ्या इंटरप्टवर सोपवतात. वॉचमनने शिट्टी घड्याळाला बांधून झोपी जावं, तसं हे. मुख्य प्रोग्राम कधीच अडकलेला असतो, पण शिट्टी वाजतच राहते.

आमच्या पेटीत आता झोप आठ-आठ सेकंदांच्या तुकड्यांची आहे. वॉचडॉगच तिला रिसेट न करता हळूच उठवतो, ती त्याला किक मारते आणि मोडेमला हात न लावता पुन्हा झोपते. पंधरा मिनिटांत हे शंभराहून जास्त वेळा होतं, पण दर वेळी काही मिलिसेकंदच. मे महिन्यात घातलेले सेल दिवाळीत टँकरचा एसएमएस आला तेव्हाही तेच होते.