शाप नव्हे, हेका

हॉवर्ड कार्टर यांनी नोव्हेंबर १९२२मध्ये तुतानखामुनची कबर शोधली आणि ५ एप्रिल १९२३ रोजी उत्खननाला पैसा पुरवणारे लॉर्ड कार्नारव्हॉन कैरोत वारले. डास चावलेली जागा दाढी करताना कापली आणि चिघळली, इतकेच. पण कबरीच्या बातम्यांचा मक्ता लंडनच्या ‘टाइम्स’कडे होता; हात चोळत बसलेल्या इतर वृत्तपत्रांना ‘फॅरोचा शाप’ आयताच मिळाला. खुद्द कार्टर १९३९पर्यंत जगले.

कबरीत शापाचा लेख सापडलाच नाही. जादू मात्र भरपूर होती. इजिप्ती लोक तिला ‘हेका’ म्हणत. परलोकात राजावर शेतीची वेठ येऊ नये म्हणून त्याच्या जागी राबायला ४१३ ‘शब्ती’ बाहुल्या ठेवल्या होत्या : वर्षातल्या प्रत्येक दिवसाला एक मजूर आणि वर ४८ मुकादम. (मस्टरवर शोभावा असा हिशेब!) दफनकक्षाच्या चारही भिंतींत मंतरलेल्या विटा बसवल्या होत्या, राजाच्या शत्रूंना थोपवणे हे त्यांचे काम.

हेकात नावाला फार मोल. नाव उच्चारले जाते तोवर मृत जगतो, अशी श्रद्धा होती. सेती पहिला याने अबायडोसच्या मंदिरातल्या राजयादीत तुतानखामुनचे नाव येऊच दिले नाही. आज ते शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे.