चट्टा, नस आणि बोटं

वरोऱ्याच्या बाजारात आनंदवनची भाजी सुरुवातीला कुणी विकत घेत नव्हतं. १९५१ साली बाबा आणि साधनाताई आमटे सहा कुष्ठरुग्णांना घेऊन गावाबाहेरच्या खडकाळ माळावर राहायला गेले, तेच आनंदवन. विहीर खणली, जमीन कसली, पीकही आलं. पण महारोग्यांच्या हातची भाजी घरात शिजवायची कुणी? पुढे सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलचे परदेशी स्वयंसेवक तिथे येऊन राहिले, रुग्णांच्या बरोबरीने राबले आणि त्यांना काही झालं नाही हे गावाने पाहिलं. भीती ओसरली ती अशी, डोळ्यांनी बघून. हा रोग सहजासहजी लागत नाही, हे डॉक्टरांना तेव्हाही ठाऊक होतं. बाजाराला ते पटायला भाजीच खपावी लागली.

बाबांनी त्याआधी कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये या रोगाचा अभ्यास केला होता. तिथे त्यांनी स्वतःच्या अंगात कुष्ठजंतू टोचून घेतले. रोग झाला नाही. आज यात नवल वाटत नाही, कारण बहुतेक माणसांची प्रतिकारशक्ती या जंतूला जन्मतःच पुरून उरते. पण त्या काळी संशोधकांची पंचाईत वेगळीच होती. नॉर्वेच्या हॅन्सेन यांनी १८७३ मध्ये जंतू शोधला खरा, पण तो प्रयोगशाळेतल्या बशीत वाढेना. आजही वाढत नाही. एकाचे दोन व्हायला त्याला जवळजवळ दोन आठवडे लागतात आणि त्याला थंड जागा आवडते. १९६० मध्ये उंदराच्या पायाच्या तळव्यात तो वाढवता आला, १९७१ मध्ये आर्माडिलो नावाच्या खवलेधारी, थंड अंगाच्या अमेरिकी प्राण्यात. माणसातही तो कातडी, कानाची पाळी, नाक आणि कातडीलगतच्या नसा अशा थंड जागाच धरतो. चट्टा अंगावर उठतो आणि हाताची नस कोपराशी निकामी होते, याचं कारण हेच.

औषध म्हणून आधी चालमोगऱ्याचं तेल टोचत. सुई दुखायची, गुण बेताचाच. चाळीसच्या दशकात सल्फोन औषधं आली आणि त्यातली डॅप्सोनची स्वस्त गोळी गावोगाव पोचली. शेजारच्या वर्ध्याला गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानच्या डॉ. वर्देकरांनी घरोघर तपासणी, लोकशिक्षण आणि उपचार अशी तिहेरी पद्धत बसवली. रुग्णाने दवाखान्याची पायरी चढायची वाट न बघता दवाखान्यानेच त्याच्या दारात जायचं, हा तिचा गाभा. पुढे देशाच्या कार्यक्रमाने तीच उचलली.

जंतू मेले तरी हात सरळ होईनात. बोटं ‘झडतात’ असंच लोक म्हणत आणि बरेच डॉक्टरही तसंच मानत. वेल्लोरला १९४७-४८ पासून रुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या पॉल ब्रँड यांनी एकेका जखमेचा माग काढला, तेव्हा उघड झालं की रोग बोट खात नाही. नसा निकामी होऊन बधिर झालेला माणूस स्वतःच नकळत ते गमावतो. कुणाला झोपेत उंदीर कुरतडून जात. ब्रँड यांनी मग घरी जाणाऱ्या रुग्णांना मांजरं दिली! वैद्यकाच्या इतिहासात इतका साधा उपाय क्वचितच सापडेल. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या घरात धोका आणखी रोजचा. चुलीवरून भाताचा गंज उतरवताना चटका कळत नाही, बिडी दोन बोटांमध्येच विझते, तेंदूपत्त्याच्या हंगामात तळव्यात रुतलेला काटा संध्याकाळपर्यंत तसाच राहतो.

वाकड्या बोटांवरचं ऑपरेशन म्हणजे उसनवारीचा व्यवहार. कोपरामागून जाणारी नस निकामी झाली की करंगळी आणि अनामिका आकड्यासारख्या वळतात. बोट वाकवणाऱ्या दोन कंडरा असतात. त्यांतली एक सर्जन सोडवून घेतो, तिच्या पट्ट्या चिरतो आणि लुळ्या स्नायूंचं काम तिला लावून देतो. तीनेक आठवडे प्लास्टर, आणि मग खरी मेहनत, कारण वाकवायची कंडरा आता बोट सरळ करणार हे मेंदूला नव्याने शिकवावं लागतं. घास उचलता येतो, गुंडी लावता येते. स्पर्श मात्र परत येत नाही.

१९८२ हे वर्ष चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या माणसाला दोन कारणांनी लक्षात ठेवण्याजोगं. २६ ऑगस्टला चंद्रपूरचा पूर्व भाग तोडून गडचिरोली जिल्हा झाला. आणि त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने एकट्या डॅप्सोनऐवजी बहुविध औषधोपचाराची शिफारस प्रसिद्ध केली. डॅप्सोनला न जुमानणारे जंतू १९६४ मध्येच सिद्ध झाले होते. आता रिफाम्पिसिन आणि क्लोफाझिमिन जोडीला आली. वर्षानुवर्षं, कित्येकांच्या बाबतीत जन्मभर चालणारा उपचार पुढे सहा महिने किंवा वर्षभरावर आला. महिन्याचा पहिला डोस आरोग्यसेवकासमोर गिळायचा. लघवी लाल होते, अंग काळवंडतं. आधी सांगितलं नाही तर रुग्ण घाबरून पाकीट आढ्यात खोचून ठेवतो.

डिसेंबर २००५ मध्ये देशाने ‘निर्मूलन’ जाहीर केलं. त्याचा अर्थ दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण, तोही देशाच्या सरासरीत. लोकांनी मात्र ‘रोग संपला’ असं ऐकलं, आणि शब्द निवडणाऱ्यांचा त्यात दोष नाही असं म्हणवत नाही. कुष्ठरोगाचे वेगळे कर्मचारी सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळले, घरोघरची तपासणी मंदावली. २०१६ मध्ये शोधमोहिमा पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा लपलेले रुग्ण बाहेर आले. राज्याच्या यादीत चंद्रपूर आणि गडचिरोली आजही वरच्या बाजूला असतात. रोग अंगात सरासरी पाच वर्षं, कधी वीसही, दबा धरून बसतो. एका वर्षाच्या आकड्यावर विसंबून चालत नाही.

नवीन भर पडली ती रुग्णाच्या घरच्यांसाठी. बांगलादेशातल्या चाचणीत रिफाम्पिसिनच्या एकाच डोसाने सहवासितांमधला धोका पहिल्या दोन वर्षांत ५७ टक्क्यांनी घटला. आता तो डोस आपल्याकडेही देतात. पण त्यासाठी आधी घराला सांगावं लागतं की घरात रुग्ण आहे, आणि गाडं तिथेच अडतं. २०१९ पर्यंत कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कायदेशीर कारण होतं.

तपासणीला यंत्र लागत नाही. अंगणातल्या उजेडात आशाताई पाठ बघते, फिकट किंवा लालसर चट्टा शोधते. खाजत नाही, दुखत नाही, म्हणून घरच्यांनी तो गजकर्णातही धरलेला नसतो. संशयित चट्टा दिसला की आरोग्य केंद्रात डॉक्टर डोळे मिटायला सांगतात आणि बॉलपेनचं टोक हलकेच टेकवतात. जिथे लागलं तिथे बोट ठेवायचं. हात, खांदा, मान, सगळीकडे बोट बरोबर जातं. चट्ट्यावर पेन टेकतं आणि माणूस डोळे मिटून तसाच बसून राहतो, ‘लावा ना’ म्हणत.