गव्हावांचून पाव

पाव विकत आणणें ही गोष्ट बहुतेक घरांत विचार करण्याजोगी मानली जात नाहीं. कोपऱ्यावरच्या दुकानांतून लादी आणावी आणि चहाबरोबर संपवावी, एवढाच काय तो व्याप. परंतु ज्या घरांतील एखाद्या माणसास सीलिअॅक नांवाचा विकार जडला आहे, त्या घरीं हीच साधी गोष्ट मोठ्या शोधाचा विषय होऊन बसते. अमेरिका व युरोप येथें न्याहारी आणि शाळेंतला डबा या दोहोंचा आधार पावच असल्यामुळें तेथें तर हा शोध रोजचाच होतो. आणि मराठी कुटुंबेंहि आतां तेथें पुष्कळ वसलीं असल्यामुळें त्याची माहिती इकडील श्रोत्यांसहि उपयोगी पडण्यासारखी आहे.

हा विकार असणाऱ्या माणसानें गहू, सातू आणि राय या धान्यांतील ग्लुटेन नांवाचें द्रव्य खाल्लें असतां त्याच्या शरीराची संरक्षणशक्ति स्वतःच्याच आंतड्यावर उलटते. लहान आंतड्याच्या आंतल्या बाजूस मखमलीच्या केसांसारखे सूक्ष्म अंकुर असतात व तेच अन्नरस शोषून घेतात. ते अंकुर झिजून सपाट झाले, कीं पोटभर खाऊनहि अंगीं लागत नाहीं. मूल खुरटतें, रक्त कमी होतें, हाडें ठिसूळ होतात. जगांतील सुमारें शंभर माणसांमागें एकास हा विकार असतो. त्यावर आजमितीस मान्य झालेला उपचार एकच, तो म्हणजे ग्लुटेन आयुष्यभर वर्ज्य करणें.

या उपचाराचा शोध मोठ्या दुःखद प्रसंगांतून पक्का झाला. लंडनचे डॉक्टर सॅम्युअल गी यांनीं इ. स. १८८८ मध्यें या रोगाचें वर्णन प्रसिद्ध केलें व रोगी बरा व्हावयाचा तर तो आहारानेंच होईल, असें सांगितलें. परंतु दोषी अन्न कोणतें हें कळलें नव्हतें. हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाचा संशय होता. इ. स. १९४४-४५ च्या हिंवाळ्यांत युद्धामुळें त्या देशांत भीषण दुष्काळ पडला आणि पाव मिळेनासा झाला. इतर मुलें उपासमारीनें वाळत असतां सीलिअॅकचीं मुलें मात्र सुधारूं लागलीं, आणि पाव परत येतांच पुन्हां आजारी पडलीं. पुढें इ. स. १९५० मध्यें डिके यांनीं आपल्या प्रबंधांत गव्हाचा दोष सप्रमाण मांडला.

आतां हें ग्लुटेन म्हणजे काय, तें घरच्या घरींहि पाहतां येतें. मळलेल्या कणकेचा गोळा पाण्याच्या धारेखालीं हळूहळू धूत गेलें असतां पांढरें पिष्ट वाहून जातें आणि हातांत रबरासारखा ताणला जाणारा चिकट गोळा उरतो. हेंच ग्लुटेन. बोलोन्या येथील बेक्कारी या विद्वानानें इ. स. १७४५ मध्यें प्रसिद्ध केलेल्या निबंधांत याच रीतीचें वर्णन आहे. पाव आंबतो तेव्हां यीस्टपासून वायु निघतो. ग्लुटेनचें जाळें तो वायु फुग्याप्रमाणें आंत कोंडून धरतें आणि म्हणून पाव फुगतो, मऊ होतो आणि वांकविला तरी मोडत नाहीं. ज्वारीच्या भाकरीस लाटण्याऐवजीं थापावें लागतें व तिचें पीठ उकळत्या पाण्यांत भिजवावें लागतें, याचें कारणहि त्या पिठांत हें जाळें नाहीं, हेंच होय.

सबब, ग्लुटेनरहित पाव करणाऱ्यापुढें प्रश्न असतो तो या जाळ्याची जागा कशानें भरून काढावयाची हा. तांदुळाचें पीठ, मका, बटाटा व टॅपिओका यांचें पिष्ट हा त्या पावाचा देह. अंड्याचा पांढरा बलक, झँथन डिंक आणि इसबगोलाचा भुसा हे त्याचे बांधणारे धागे. यांपैकीं इसबगोल तर आपल्याच देशचें. गुजरात व राजस्थान येथें तें पिकतें, उंझा येथें त्याची मोठी पेठ आहे, आणि पोट साफ करणारें औषध म्हणून घरोघरीं ठाऊक असलेला हा भुसा आज परदेशांतील पावास लवचिकपणा आणीत आहे.

हें एकदां समजलें म्हणजे वेष्टनावरील घटकांची यादी वाचणें सोपें होतें. अमेरिकेंत व युरोपांत अशी यादी वजनाच्या उतरत्या क्रमानें छापावी लागते. यादीच्या आरंभीं केवळ पिष्ट, पाणी आणि साखर हींच असलीं, तर तो पाव पांढरा व गोडसर असेल, परंतु पोषणास हलका. त्याच ठिकाणीं अखंड तांदूळ, ज्वारी, राजगिरा, बाजरी अशीं पिठें आणि पुढें इसबगोल व अंडें असेल, तर त्याचा गाभा टिकाऊ व पौष्टिक असण्याचा संभव अधिक. पौष्टिकपणाकडे लक्ष देणें अगत्याचें आहे. कारण अमेरिकेंत नेहमींच्या मैद्यांत लोह व जीवनसत्त्वें मिसळलेलीं असतात, तशीं तीं ग्लुटेनरहित पिठांत पुष्कळदां मिसळलेलीं नसतात.

तथापि चवीच्या आधीं सुरक्षितता पाहिली पाहिजे. अमेरिकेच्या सरकारनें इ. स. २०१३ मध्यें नियम केला, कीं दर किलोमागें २० मिलिग्रॅमहून कमी ग्लुटेन असलें तरच पदार्थास ‘ग्लुटेनरहित’ म्हणतां येईल. युरोपांत व भारतांतहि २० मिलिग्रॅम हीच मर्यादा आहे. हें प्रमाण किती अल्प आहे? गव्हाच्या पावाच्या एका कापांत साधारण दोन ग्रॅम ग्लुटेन धरलें, तर तितकें ग्लुटेन पोटांत जाण्यास या मर्यादेंतला पाव शंभर किलो खावा लागेल! वर्तुळांतील ‘जी-एफ’ या अक्षरांची जी खासगी प्रमाणखूण अमेरिकेंत दिसते, तिची मर्यादा याहूनहि कडक, म्हणजे १० मिलिग्रॅम आहे. उलट, ‘गहूरहित’ या शब्दावर मात्र विसंबूं नये. अमेरिकन कायद्यानें गव्हाचा उल्लेख सक्तीचा केला आहे, सातू व राय यांचा नाहीं. आणि सातूपासून होणारें माल्ट हें पुष्कळ बेकरीच्या पदार्थांत लपून बसलेलें असतें. त्याचप्रमाणें, नुसत्या दीर्घ आंबवणानें गव्हाचा पाव या रोग्यांस निर्धोक होतो, हा समजहि घातक आहे.

माल्टचा हा धोका बेगलच्या बाबतींत विशेष संभवतो. बेगल म्हणजे कड्याच्या आकाराचा घट्ट पाव. पोलंडांतील ज्यू समाजांत तो जुना असून स्थलांतर करणाऱ्यांबरोबर अमेरिकेंत गेला. तो भाजण्यापूर्वीं उकळत्या पाण्यांत बुडवितात व त्या पाण्यांत बहुधा माल्ट घालतात. त्यामुळें वरचें कवच चकाकतें आणि आंतला गाभा चिवट राहातो. हा चिवटपणाच बेगलचा प्राण आणि तो सर्वस्वीं ग्लुटेनचा. म्हणून ग्लुटेनरहित बेगलची परीक्षा पावाहून कठीण. पुष्कळ बेगल म्हणजे मधोमध भोंक पाडलेला मऊ पाव असतो. ज्यांत इसबगोल व अंडें आहे आणि जो अर्धा कापून चांगला खरपूस भाजला असतां दांतांखालीं थोडा तरी प्रतिकार करतो, तो त्यांतल्या त्यांत बरा समजावा.

मिळण्याचें ठिकाणहि ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. ग्लुटेनरहित पाव लवकर शिळा होतो, म्हणून पुष्कळ दुकानांत तो गोठविलेल्या पदार्थांच्या कपाटांत असतो. इटलीच्या उत्तर भागांतील शेर, कॅनडांतील एडमंटनची किनिकिनिक, अमेरिकेंतील कोलोरॅडोची कॅन्यन बेकहाऊस हीं या धंद्यांतील परिचित नांवें. परंतु नांवापेक्षां त्या त्या पुडक्यावरील यादी पाहावी, कारण एकाच कारखान्याचे दोन पाव अगदीं निराळे असूं शकतात. काप मोठे दिसले तरी वजन ताडून पाहावें. आंत मोठीं भगदाडें असलीं तर दाम पोकळीचेंच पडतें. घरीं आणल्यावर हा पाव साध्या शीतकपाटांत ठेवूं नये, तेथें तो अधिकच लवकर कडक होतो. गोठवूनच ठेवावा, लागेल तेवढा काढावा व भाजून गरम असतांनाच खावा. उष्णतेनें घट्ट झालेलें पिष्ट पुन्हां मऊ होतें. भाजण्याचें यंत्र मात्र वेगळें हवें. ज्या यंत्रांत गव्हाचा पाव भाजला जातो, त्यांतला चुरा सारी काळजी व्यर्थ करूं शकतो.

किंमतीचें दुःख मात्र टळत नाहीं. हा पाव साध्या पावाच्या कित्येक पट महाग असतो. इटलींत इ. स. २००५ च्या कायद्यान्वयें अशा रोग्यांस या पदार्थांसाठीं सरकारी साहाय्य मिळतें. सर्वत्र ती सोय नाहीं. येथें मराठी घरास एक मोठा आधार आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी व तांदूळ यांची भाकरी, घावन, आंबोळी हे पदार्थ ग्लुटेनरहित होण्यास कोणत्याहि डिंकाची अपेक्षा करीत नाहींत. पाव हवा तेव्हां पाव. एरवीं भाकरी, असा मेळ घातला तर खर्च व कंटाळा दोन्ही कमी होतात. परंतु येथेंहि सावधगिरी हवी. ज्या गिरणींत आधीं गहू दळला, त्याच जात्यांतून आलेलें ज्वारीचें पीठ शुद्ध नव्हे. थालीपिठाच्या भाजणींत बहुधा गहू असतो. कुरडई गव्हाच्याच चिकाची. आणि बाजारांतील बांधणीच्या हिंगांत गव्हाचें पीठ मिसळलेलें असणें ही नित्याची गोष्ट आहे.

शेवटीं एक सूचना. विकाराच्या नुसत्या संशयावरून गहू सोडूं नये. आधीं डॉक्टरांकडून रक्ताची व जरूर तर आंतड्याची तपासणी करून घ्यावी. कारण गहू अगोदरच सोडला तर तपासणींत रोग सांपडत नाहीं. निदान झाल्यावर मात्र पथ्यांत सूट नाहीं. आणि म्हणूनच पाव चांगला असणें ही चैन नव्हे. बेचव, भुसभुशीत पाव ज्या मुलाच्या डब्यांत रोज पडतो, तें मूल एके दिवशीं मित्राच्या डब्यांतला पाव खातें, आणि तेथेंच उपचार मोडतो. आईबापांनीं दुकानांत उभें राहून ती बारीक अक्षरांची यादी वाचण्यांत घालविलेलीं पांच मिनिटें हीं त्या मुलाच्या औषधयोजनेचाच एक भाग होत.