कान खूश, खिसाही खूश!

बजेटमध्ये बसवून घेतलेली म्युझिक सिस्टिम. दोन छोटे स्पीकर्स, एक साधासा अ‍ॅम्प. पहिला आठवडा फुल्ल टू धमाल! मग हळूहळू एक गंमत होते. शनिवारी निवांत गाणी लावावीत, तर वीसेक मिनिटांत हात आपोआप व्हॉल्यूमकडे जातो, तोही कमी करायला. गायिकेचे ‘स’ आणि ‘श’ सुईसारखे टोचतात, झांजा पत्र्यासारख्या वाजतात. महिन्याभरात सिस्टिमवर धूळ आणि कानात पुन्हा इअरफोन्स.

मग दिवाळीचा बोनस हातात आला, की पहिला विचार येतो, ‘आता मोठी सिस्टिमच घेऊन टाकू!’ जरा थांबा. आवाज टोचतो यात बऱ्याचदा मशीनपेक्षा मोठा वाटा असतो तुमच्या खोलीचा आणि स्पीकर्सच्या जागेचा. म्हणून खर्चाचा क्रम महत्त्वाचा. आधी फुकटातलं, मग शेकड्यातलं आणि सगळ्यात शेवटी हजारांतलं. हा क्रम उलटा केलात, तर नवे महागडे स्पीकर्सही त्याच खोलीत तसेच टोचतील.

आधी फुकटातलं

एक स्पीकर खिडकीत, दुसरा फ्रिजवर अशी अवस्था आहे? मग स्टिरिओ विसरा. दोन स्पीकर्स आणि तुमची खुर्ची, तिघांत साधारण सारखं अंतर हवं. ट्वीटर, म्हणजे बारीक आवाज काढणारा तो छोटा गोल भाग, बसल्यावर कानाच्या उंचीला यायला हवा. स्टँड नाही? भक्कम स्टूल चालेल. मागच्या भिंतीपासून फूटभर तरी पुढे ओढा. भिंतीला चिकटलेला स्पीकर बास फुगवतो, कोपऱ्यातला तर आणखीच.

आता तोंडाची दिशा. ट्वीटर थेट कानावर रोखलेला असेल, तर बारीक आवाज सर्वांत तीव्र येतो. स्पीकर्स जरासे बाहेरच्या बाजूला वळवा, टोचणं कमी होतं. एक पैसाही न लागणारा हा ट्रेबलचा नॉब!

वायरीही तपासा. लाल ते लाल, काळी ते काळी. एका स्पीकरची वायर उलटी लागली, की बास गायब होतो आणि आवाज खोलीभर भरकटतो. १९५०च्या दशकातलं एखादं मोनो हिंदी गाणं लावा. गाणाऱ्याचा आवाज दोन स्पीकर्सच्या बरोब्बर मधून आला, तर सगळं ठीक.

खोली बोलते, बॉस!

खोलीच्या मध्यभागी उभे राहून एक टाळी वाजवा. मागोमाग ‘टर्रर्र’ असा बारीक नाद ऐकू आला? हाच तुमचा गुन्हेगार. चकचकीत टाइल्स, मोकळ्या भिंती, स्लायडिंगच्या काचा. स्पीकरमधून निघालेला आवाज यांच्यावर आपटून काही मिलिसेकंदांनी पुन्हा तुमच्याकडे येतो आणि मूळ आवाजात मिसळून तो कर्कश करतो.

नेमका कुठे आपटतो, हे शोधायची मस्त ट्रिक आहे. तुम्ही खुर्चीत बसा आणि रूममेटला बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यायला सांगा. आरशात जिथे स्पीकर दिसेल, ती जागा पकडायची. तिथे पुस्तकांचं कपाट ठेवा किंवा जाड पडदा चुण्यांसकट सोडा. आजीची गोधडी टांगलीत तरी उत्तम. स्पीकर्स आणि खुर्चीच्या मधे जमिनीवर जाड गालिचा किंवा दुहेरी सतरंजी अंथरा. भाड्याचा फ्लॅट असला तरी नो प्रॉब्लेम, यातल्या बहुतेक गोष्टींना भिंतीत खिळा लागत नाही. अंड्याचे ट्रे मात्र चिकटवू नका. त्या पातळ पुठ्ठ्याने फारसं काही होत नाही, खोली तेवढी किराणा दुकानासारखी दिसते.

शेकड्यातला खर्च

स्पीकरची वायर केसासारखी बारीक असेल, तर १.५ चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची वायर घ्या. साध्या खोलीला ती पुरून उरते. सेल्समन चांदीच्या वायरीबद्दल बोलू लागला, की गोड हसा आणि पुढे चला.

मग बघा, गाणं येतंय कुठून? कॉलेजच्या काळातल्या १२८ केबीपीएसच्या एमपीथ्री फाइल्समध्ये बराचसा तपशील मुळातच कापलेला असतो. त्यात टाळ-झांजा पाण्यातून आल्यासारख्या वाजतात. स्ट्रीमिंग अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये क्वालिटी सगळ्यात वर न्या. बाबांच्या कपाटातल्या सीडीज काढा. जपून बसून ऐकताना ब्लूटूथऐवजी वायर जोडून बघा. आणि फोनमधला ‘बास बूस्ट’ बंद!

अ‍ॅम्पचा घसा

छोटा अ‍ॅम्प फुल्ल व्हॉल्यूमला गेला, की त्याचा घसा बसतो. लाटेचे शेंडे कापले जातात आणि त्यातून मूळ गाण्यात नसलेले तीव्र सूर तयार होतात. याला क्लिपिंग म्हणतात. पार्टीत आवाज फाटतो तो यामुळेच, आणि ट्वीटरही याच भानगडीत जळू शकतो. उपाय सोपा आहे, खुर्ची जवळ ओढा आणि व्हॉल्यूम कमी ठेवा.

शेवटी हजारांतलं

एवढं करूनही आवाज टोचत असेल, तर आधी स्पीकर्स बदला, अ‍ॅम्प नंतर. आवाजाच्या पोतात सर्वांत जास्त फरक स्पीकर्सच पाडतात. खोक्यावरचे पीएमपीओचे हजारो वॉट विसरा, आरएमएस आकडा बघा. सेन्सिटिव्हिटीही बघा. ८६ डेसिबलऐवजी ८९ डेसिबलचा स्पीकर घेतला, तर तेवढ्याच आवाजाला अ‍ॅम्पची निम्मी ताकद पुरते.

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्यातली बुधवार पेठ, खरेदीला जाताना स्वतःची गाणी घेऊन जा. एक तानपुऱ्याचं, एक बाईच्या आवाजातलं, एक टाळ-झांजांचं. आणि किमान अर्धा तास ऐका. चकाकणारा ट्रेबल दुकानात पाच मिनिटांत इम्प्रेस करतो, पण घरी तोच डोकं उठवतो. ‘वॉव’ म्हणायला लावणारा स्पीकर नको, ज्याच्यासमोर बसून राहावंसं वाटतं तो घ्या.

आणि हो, बदल एका वेळी एकच करा, दोन दिवस ऐका, मगच पुढचा. नाहीतर नक्की कशाने फरक पडला, ते कळणार नाही. काही जुन्या रेकॉर्डिंगमध्ये खरखर मुळातच असते, तिला कुठलंही मशीन पुसू शकत नाही. बाकी सुरुवात याच वीकएंडला, गोधडी आणि आरशापासून. बोनस बँकेत राहू दे!