तारकुंडे, विठ्ठल महादेव

(३ जुलै १९०९–२२ मार्च २००४). मुंबई उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश, नामवंत विधिज्ञ, मानवतावादी विचारवंत आणि भारतातील नागरी स्वातंत्र्याच्या चळवळीचे एक अग्रणी. जन्म पुणे जिल्ह्यातील सासवड येथे. वडील सासवडला वकिली करीत. शालेय शिक्षण सासवड व पुणे येथे झाले. १९२५ मध्ये मॅट्रिकच्या परीक्षेत ते मुंबई इलाख्यात पहिले आले. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर ते इंग्लंडला गेले व लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाले. डिसेंबर १९३२ मध्ये परतून त्यांनी पुण्यात वकिलीस प्रारंभ केला.

प्रारंभी ते काँग्रेस समाजवादी पक्षात होते. पुढे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांकडे ते आकृष्ट झाले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्याप्रमाणे महाराष्ट्रातील ज्या कार्यकर्त्यांनी रॉय यांना साथ दिली, त्यांत तारकुंडे प्रमुख होते. १९४२ मध्ये वकिली सोडून ते रॉय यांच्या रॅडिकल डेमॉक्रॅटिक पक्षाचे पूर्ण वेळ कार्यकर्ते बनले आणि १९४४ मध्ये त्याचे सरचिटणीस झाले. सत्तेच्या स्पर्धेत गुंतलेला पक्ष लोकांना स्वतंत्र करू शकत नाही, या निष्कर्षाप्रत आल्यावर रॉय व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४८ मध्ये हा पक्षच विसर्जित केला. व्यक्तीचे स्वातंत्र्य हे समाजव्यवस्थेच्या मूल्यमापनाचे अंतिम माप होय. विवेकनिष्ठा आणि नीती यांचा उगम माणसातच आहे. आणि लोकशाही गावपातळीवरील लोकसमित्यांपासून वर उभारली गेली पाहिजे, ही या नवमानवतावादाची मुख्य सूत्रे होत. तारकुंडे यांचे पुढील सर्व सार्वजनिक कार्य या सूत्रांशी निगडित आहे.

पक्षविसर्जनानंतर त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. १९५७ मध्ये त्याच न्यायालयाच्या न्यायाधीशपदी त्यांची नेमणूक झाली. १९६९ मध्ये, नियत वयोमर्यादा पूर्ण होण्यापूर्वीच, त्यांनी स्वेच्छेने निवृत्ती पतकरली. त्यानंतर ते दिल्लीस स्थायिक झाले आणि सर्वोच्च न्यायालयात वकिली करू लागले. त्यांच्या जीवनातील सर्वांत महत्त्वाचे लोककार्य न्यायासनावरून उतरल्यानंतरचे आहे.

१९७४ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने ‘सिटिझन्स फॉर डेमॉक्रसी’ ही संस्था स्थापन झाली, तिचे तारकुंडे सरचिटणीस होते. निवडणूक पद्धतीतील सुधारणांचा विचार करण्यासाठी जयप्रकाशांनी त्यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९७५ मध्ये अहवाल सादर केला. मतदानाचे वय १८ करावे, निवडणूक आयोग तीन सदस्यांचा असावा आणि त्या सदस्यांची नेमणूक पंतप्रधान, विरोधी पक्षनेते व सरन्यायाधीश यांच्या समितीच्या सल्ल्याने व्हावी, अशा शिफारशी तीत होत्या. त्यांपैकी पहिली १९८९ मध्ये एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने अमलात आली. १९९३ पासून आयोगही त्रिसदस्य झाला. नेमणुकीविषयीची शिफारस मात्र दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, संसद कायदा करीपर्यंत, याच रचनेची समिती असावी असा निर्णय दिला. तथापि त्याच वर्षी झालेल्या कायद्याने सरन्यायाधीशांच्या जागी केंद्रीय मंत्र्याची योजना केली.

जून १९७५ मध्ये आणीबाणी जाहीर झाली व हजारो नागरिक चौकशीविना स्थानबद्ध करण्यात आले. अटक बेकायदा असल्यास बंदीला न्यायालयापुढे आणून मुक्त करविण्याचा उपाय म्हणजे बंदीप्रत्यक्षीकरणाचा आदेश होय. जगण्याच्या हक्काची अंमलबजावणी स्थगित असताना असा अर्ज चालू शकतो काय, हा प्रश्न जबलपूर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा स्थानबद्धांच्या बाजूने युक्तिवाद करणाऱ्या वकिलांत तारकुंडे होते. नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांच्या बाजूने कौल दिला होता. परंतु २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने तो फिरविला. न्या. हंसराज खन्ना यांचा एकट्याचा निर्णय विरोधी होता. पुढे १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य यांच्या हक्कांची अंमलबजावणी आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही असे ठरले आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जबलपूरचा निर्णय रद्दबातल केला.

न्यायालयाचे दार बंद झाल्यास नागरिकांनीच संघटित होऊन आपल्या हक्कांचे रक्षण केले पाहिजे, या भूमिकेतून ऑक्टोबर १९७६ मध्ये, आणीबाणी चालू असतानाच, नागरी स्वातंत्र्य व लोकशाही हक्कांसाठी एक लोकसंघटना दिल्लीत स्थापन झाली. तिचे अध्यक्षपद तारकुंडे यांच्याकडे आले. १९८० मध्ये तिचे ‘पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज’ या सदस्याधिष्ठित संस्थेत रूपांतर झाले व तिचेही ते अध्यक्ष झाले. आंध्र प्रदेशात पोलिसांशी झालेल्या चकमकींत नक्षलवादी तरुण मारले गेल्याचे सांगितले जाई. या घटनांच्या चौकशीसाठी १९७७ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. काही प्रकरणांत तरुणांना आधी पकडून मग गोळ्या घातल्याचा निष्कर्ष तिने साक्षीपुराव्यांवरून काढला. ज्यांच्या विचारसरणीशी स्वतःचे तीव्र मतभेद आहेत, अशांच्याही जीविताचे कायद्याने रक्षण झाले पाहिजे, हा आग्रह या कामामागे होता.

न्यायसंस्थेच्या स्वायत्ततेसंबंधीही त्यांनी लढा दिला. उच्च न्यायालयात अतिरिक्त न्यायाधीशांची नेमणूक अधिकाधिक दोन वर्षांसाठी करता येते. १९८१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयातील अशा काही न्यायाधीशांना अवघ्या काही महिन्यांची मुदतवाढ देण्यात आली. ज्याची मुदतवाढ शासनाच्या मर्जीवर अवलंबून आहे, तो न्यायाधीश शासनाविरुद्ध निर्भयपणे निर्णय देऊ शकणार नाही, असा या प्रश्नाचा गाभा होता. तारकुंडे यांनी याविरुद्ध केलेली याचिका अन्य याचिकांबरोबर सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांपुढे चालली. डिसेंबर १९८१ च्या निर्णयात नेमणुकांबाबत अंतिम शब्द शासनाचा मानला गेला. मात्र स्वतःचे प्रत्यक्ष नुकसान झाले नसले, तरी सार्वजनिक हितासाठी न्यायालयात दाद मागता येते, हे तत्त्व प्रस्थापित झाले. जनहित याचिकांचा मार्ग त्यामुळे प्रशस्त झाला. नेमणुकांविषयीचा भाग १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फिरविला.

निवृत्तीनंतर तारकुंडे यांनी ‘द रॅडिकल ह्यूमॅनिस्ट’ या नियतकालिकाचे अनेक वर्षे संपादन केले. ‘रॅडिकल ह्यूमॅनिझम’ (१९८३) या इंग्रजी ग्रंथात त्यांनी आपले तत्त्वज्ञान मांडले आहे. आंतरराष्ट्रीय मानवतावादी व नैतिक संघाचा मानवतावादी पुरस्कार (१९७८) आणि पद्मभूषण (१९९८) हे सन्मान त्यांना लाभले. दिल्ली येथे त्यांचे निधन झाले.

तारकुंडे यांनी हाती घेतलेल्या अनेक प्रकरणांत तत्काळ यश आले नाही. तथापि तेव्हा अमान्य झालेल्या त्यांच्या कित्येक भूमिका कालांतराने घटनेत व न्यायनिर्णयांत समाविष्ट झाल्या. न्यायाधीशाचे कर्तव्य निवृत्तीबरोबर संपत नाही आणि स्वातंत्र्याचे रक्षण केवळ न्यायालयांवर सोपवून चालत नाही, हे त्यांच्या कार्यातून दिसून येते.