पेनड्राइव्ह नेमका कुठे अडला?

२० एप्रिल १९९८ रोजी शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात, बिल गेट्स मंचावर असताना, विंडोज ९८ चालणाऱ्या संगणकाला एक स्कॅनर जोडला गेला आणि मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर विंडोज कोलमडल्याची निळी पाटी झळकली. जोडलेले यंत्र संगणक आपले आपण ओळखतो, हे दाखवण्यासाठीच तो प्रयोग होता. लिनक्सवाल्यांनी यावर पुढे वर्षानुवर्षे हसून घेतले. पण त्या दिवशी लिनक्सकडे यूएसबी धड नव्हतेच. ते नीट आले जानेवारी २००१ च्या २.४ कर्नलबरोबर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या त्या आवृत्तीबरोबर.

त्याआधीचा कारभार सोपा होता. युनिक्सच्या रिवाजाप्रमाणे 'डेव्ह' या डिरेक्टरीत प्रत्येक यंत्राच्या नावाची फाइल आधीच करून ठेवलेली असे, यंत्र असो वा नसो. हजारो फाइली, आणि बहुतेकींच्या मागे कोणीच नाही. यंत्रे पेटीत कायमची बसवलेली होती तोवर हे खपले. ती येऊ-जाऊ लागल्यावर रिचर्ड गूच यांच्या डेव्हएफएसने या फाइली गरजेप्रमाणे कर्नलकडूनच करून घ्यायला सुरुवात केली. पण मग कोणत्या यंत्राला काय नाव द्यायचे हेही कर्नलच ठरवू लागला, आणि असले धोरण कर्नलमध्ये नको हा कर्नल लिहिणाऱ्या मंडळींचा जुना हट्ट. २००३ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी ऑटावाच्या लिनक्स परिसंवादात यूडेव्ह मांडले. कर्नलने फक्त वर्दी द्यायची. नाव आणि परवानग्या बाहेरच्या प्रोग्रॅमने, साध्या मजकुरातले नियम वाचून ठरवायच्या. २००६ साली डेव्हएफएस कर्नलमधून हद्दपार झाले.

मधल्या काळात हॅल नावाचा एक थर येऊन गेला. कल्पना चांगली होती: डेस्कटॉपला एकाच ठिकाणी सगळ्या यंत्रांची माहिती मिळावी. प्रत्यक्षात कीबोर्डचा मराठी लेआउट बदलायलासुद्धा एक्सएमएलच्या फाइलीत हात घालायची वेळ आली. २०१० च्या एक्सऑर्ग १.८ या ग्राफिक्स सर्व्हरने लिनक्सवर हॅल सोडून थेट यूडेव्ह धरले, तेव्हा फारसे कोणी रडले नाही. गंमत म्हणजे २००९ च्या अखेरीस डेव्हटीएमपीएफएस आले आणि फाइली करण्याचे काम पुन्हा कर्नलकडे गेले. गूच यांची निम्मी कल्पना मागच्या दाराने परतली. २०१२ मध्ये यूडेव्ह सिस्टमडी या सेवा सांभाळणाऱ्या प्रकल्पाच्या पोटात गेले. त्यावरून झालेली भांडणे अजून मिटलेली नाहीत, पण पेनड्राइव्ह न दिसण्याशी त्यांचा संबंध नाही.

संबंध आहे तो या सगळ्या घडामोडींतून उरलेल्या साखळीशी. पेनड्राइव्ह खोचला की हबला तारेवरचा विद्युतदाब बदललेला कळतो. कर्नल यंत्राला पत्ता देतो आणि त्याचे १८ बाइटांचे ओळखपत्र वाचतो. त्यात उत्पादकाचा क्रमांक, वस्तूचा क्रमांक आणि काही वेळा प्रकारही असतो. त्यावरून ड्रायव्हर शोधला जातो, यूडेव्हला वर्दी जाते, नियम चालतात, आणि मग यूडिस्क्स ही डिस्क सांभाळणारी सेवा डेस्कटॉपला सांगते की बाबा, नवी डिस्क आली आहे. शेवटी फाइल सिस्टीम माऊंट होते. यातला कुठलाही दुवा निखळला तरी आपण एकच वाक्य बोलतो, 'लिनक्स पेनड्राइव्ह ओळखत नाही', आणि बहुतेक वेळा चुकीचा दुवा दुरुस्त करायला बसतो. ड्रायव्हरच्या शोधात रात्र घालवलेल्या कितीतरी जणांची केबल फक्त चार्जिंगची असते. तिच्यात डेटाच्या ताराच नसतात.

म्हणून पहिला प्रश्न: डीमेसेज ही आज्ञा चालवून ठेवली आणि यंत्र लावले, तर नवी ओळ उमटते का? उमटतच नसेल तर सॉफ्टवेअरचा विचार सोडा आणि केबल, पोर्ट, हब बदलून पाहा. ओळ उमटते पण 'वजा ७१' किंवा 'वजा ११०' अशी चूक दाखवते, तर यंत्र तारेवर आहे, संवाद मात्र तुटतो आहे. पहिला आकडा प्रोटोकॉलच्या गोंधळाचा, दुसरा उत्तराची वाट पाहून थकल्याचा. यामागे पुष्कळदा वीज असते. यूएसबी २ चे पोर्ट ५०० मिलिअँपिअरपर्यंत द्यायला बांधील आहे. बिनअडॅप्टरच्या हबवर फिरती हार्ड डिस्क लावली की ते पुरत नाही.

ओळखपत्र वाचले गेले, तर एलएसयूएसबी या आज्ञेत क्रमांकांची जोडी दिसते. इथून पुढचा भाग खरा रंजक आहे, कारण ओळखपत्र खोटेही असू शकते. साधारण २००८ नंतर आपल्याकडे गावोगावी पोचलेले इंटरनेटचे डोंगल आठवा. त्यातले कित्येक लावल्याबरोबर स्वतःची ओळख सीडी म्हणून देत. त्या नकली सीडीत विंडोजचा ड्रायव्हर असे. तो बसला की डोंगल बहुरूप्यासारखे सोंग उतरवून मोडेम होई. लिनक्सला त्या ड्रायव्हरची गरजच नव्हती, पण सोंग उतरवण्याचा इशाराही कोणी सांगितलेला नव्हता. योझुआ डीत्झे यांच्या यूएसबी-मोडस्विचने मॉडेलगणिक ते इशारे गोळा केले आणि यूडेव्हच्या नियमांना जोडले. डोंगल लावताच सीडीचे चित्र येऊन गुप्त झाले, तर समजावे की सारे सुरळीत चालले आहे.

झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानांत अजूनही राबणारा एचपी लेझरजेट १०२० हे दुसरे उदाहरण. या प्रिंटरच्या पोटात स्वतःचे फर्मवेअर कायमचे राहत नाही. दर वेळी चालू केल्यावर संगणकाने ते त्याला भरवायचे असते. लिनक्समध्ये हे काम यूडेव्हच्या वर्दीवर चालते. वर्दी चुकली किंवा फर्मवेअरची फाइल नसली, तर प्रिंटर यादीत दिसतो, कामही स्वीकारल्यासारखे दाखवतो, आणि कागद मात्र हलत नाही. लोक प्रिंटर काढून पुन्हा बसवतात, शाईला दोष देतात.

सगळ्यात बोधप्रद प्रकार घडला उबुंटू २२.०४ वर. आर्डुइनोच्या स्वस्त प्रतिकृतींत सीएच३४० ही चिप असते. इंजिनिअरिंगची मुले बोर्ड लावत, पोर्टची फाइल क्षणभर उगवे आणि नाहीशी होई. केबल ठीक, ड्रायव्हर कर्नलमध्येच हजर. मग गडप कोण करतो? अंध वापरकर्त्यांच्या ब्रेल पटलासाठी असलेला बीआरएलटीटीवाय हा प्रोग्रॅम. तीच चिप एका ब्रेल यंत्रातही होती, म्हणून नियमाने १ए८६:७५२३ हा क्रमांक ब्रेल यंत्राचा धरला आणि पोर्ट ताब्यात घेतले. क्रमांक चिपचा होता, वस्तूचा नव्हता. ज्यांना ब्रेल पटल लागत नाही त्यांनी तेवढा नियम निष्प्रभ केला की बोर्ड चालू. ज्यांना लागते त्यांच्यासाठी तो प्रोग्रॅम म्हणजे संगणक वापरण्याची वाट, त्यामुळे 'कचरा आहे, काढून टाका' हा सरसकट सल्ला मला असभ्य वाटतो. असा झगडा डोळ्यांनी पाहायचा तर यूडेव्हएडीएम मॉनिटर चालू ठेवावे. यंत्र आले, गेले, याची वर्दी क्रमाने उमटते.

पुढच्या टप्प्यावरच्या अडचणी सोप्या, पण जास्त वेळा भेटणाऱ्या. पोर्ट दिसते पण उघडत नाही, तर तुमचे खाते 'डायलआउट' गटात आहे का ते पाहा, आणि गटात घातल्यावर एकदा बाहेर पडून पुन्हा लॉगिन करा. एलएसबीएलके आज्ञेत डिस्क आहे पण माऊंट होत नाही, तर दोष फाइल सिस्टीमचा. विंडोज ८ पासूनच्या झटपट सुरुवातीच्या सोयीमुळे एनटीएफएस विभाग अर्धवट झोपलेले राहतात आणि लिनक्स त्यावर लिहायला नकार देते, जे योग्यच आहे. एक्सफॅट ही २०१९ च्या ५.४ कर्नलपूर्वीची डोकेदुखी; आता नाही. फोन जोडला तर डिस्क शोधू नका. तो एमटीपी या फाइली देण्याघेण्याच्या प्रोटोकॉलने बोलतो, आणि फोनवरचा 'फक्त चार्जिंग' हा पर्याय बदलावा लागतो. कंपन्यांची विवरणपत्रे आणि ई-निविदा भरणाऱ्यांचे डिजिटल सहीचे टोकनही डिस्क म्हणून दिसत नाही. त्यासाठी पीसीएससीडी सेवा चालू हवी आणि ब्राउझरला योग्य मॉड्यूल दाखवून द्यावे लागते.

लिनक्सवर यंत्र न चालण्याचे प्रसंग विंडोजपेक्षा कमी आहेत असे मी म्हणणार नाही. काही ठिकाणी ते जास्तच आहेत, विशेषतः उत्पादकाने माहिती दडवली असेल तर. मात्र अडलेला दुवा बोट ठेवून दाखवता येतो, आणि तो दाखवला की दुरुस्ती सगळ्यांच्या वाट्याला जाते.

तेव्हा वाचकहो, मदत मागताना 'चालत नाही' एवढेच लिहू नका. वितरणाचे नाव, कर्नलची आवृत्ती, एलएसयूएसबीमधली क्रमांकांची जोडी आणि यंत्र लावल्यानंतरच्या डीमेसेजच्या ओळी जशाच्या तशा पाठवा.