आमवात, प्रतिकारदमन आणि बुरशीचा संसर्ग : चिकित्सेपूर्वी विचारावयाचे प्रश्न

आमवाताचा रुग्ण आज आपल्या चिकित्सालयात येतो तेव्हा बहुधा त्याच्या पिशवीत एखादे आधुनिक औषध आधीपासूनच असते. माधवनिदानातील आमवाताशी ज्याचे साधर्म्य आपण पाहतो, त्या ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिससाठी अमेरिकेत १९८८ साली मेथोट्रेक्सेटला, १९९८ साली इटानरसेप्ट या जैविक औषधाला आणि २०१२ साली टोफासिटिनिबला मान्यता मिळाली. या औषधांनी असंख्य रुग्णांचे सांधे वाकडे होण्यापासून वाचविले, हे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. तथापि जी प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटलेली असते तिला आवर घालताना, जंतू आणि बुरशी यांना रोखणारा तिचा पहाराही सैल होतो. कॅन्डिडा या यीस्ट-बुरशीचा संसर्ग हा त्याचाच एक परिणाम. तो दिसावयास क्षुल्लक, सांगावयास लाजिरवाणा आणि म्हणूनच दुर्लक्षित राहणारा आहे.

कॅन्डिडा अनेक निरोगी व्यक्तींच्या तोंडात, आतड्यात व योनिमार्गात निरुपद्रवीपणे राहत असते. क्षेत्र अनुकूल झाले की बीज फोफावते, हा न्याय येथे तंतोतंत लागू पडतो. मात्र प्रत्येक वेळी दोष मेथोट्रेक्सेटचाच असतो असे नाही. सोबत चालू असलेले प्रेडनिसोलोन, नियंत्रणात नसलेला मधुमेह, नुकताच झालेला प्रतिजैविकांचा वापर, लाळ कमी झाल्याने कोरडे पडलेले तोंड आणि रात्रंदिवस लावून ठेवलेली कवळी, ही कारणे अधिक वेळा सापडतात. मधुमेहासाठीची डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे मूत्रावाटे साखर बाहेर टाकतात. त्यामुळेही जननेंद्रियाच्या ठिकाणी बुरशी वाढते. मणक्याच्या व सोरायसिसजन्य संधिविकारात दिल्या जाणाऱ्या सेक्युकिनुमॅबसारख्या औषधांनी तर कॅन्डिडाविरुद्धच्या मुख्य संरक्षणावरच परिणाम होतो. म्हणून नाडी पाहण्याइतकेच औषधांचे कागद पाहणे आवश्यक आहे.

‘तोंड आले’ म्हणजे नेमके काय?

रुग्ण ‘तोंड आले’ एवढेच सांगतो. परंतु या दोन शब्दांमागे दोन भिन्न अवस्था असू शकतात. जिभेवर व गालांच्या आतील बाजूस दह्याच्या कवडीसारखे पांढरे थर असतील, ते पुसले असता निघून खाली लाल पृष्ठभाग दिसत असेल, तर कॅन्डिडाचा संशय घ्यावा. कवळीखाली मात्र केवळ लाली दिसते. याउलट वेदनायुक्त, खोलगट व्रण असतील तर ती मेथोट्रेक्सेटची विषाक्तता असू शकते. हे औषध संधिविकारात आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चुकून ते रोज घेतले गेल्यास तोंडातील व्रणांपाठोपाठ अस्थिमज्जेचा ऱ्हास होऊन प्राणावर बेतते. म्हणून पहिला प्रश्न असा असावा : ‘ही गोळी कोणत्या वारी घेता?’ उत्तर ‘रोज’ असे आल्यास, अथवा व्रणांसोबत ताप, रक्तस्राव किंवा अतिसार असल्यास, पुढील मात्रा घेऊ न देता रुग्णास त्याच दिवशी संधिवाततज्ज्ञाकडे अथवा रुग्णालयात पाठवावे.

गिळताना वेदना होत असेल तर संसर्ग अन्ननलिकेपर्यंत पोहोचल्याचा संभव असतो. ती अवस्था गंडूषाने बरी होणारी नव्हे.

‘अंगावरून पांढरे जाते’

स्त्रीरुग्ण ही तक्रार बहुधा शेवटी, उठता उठता सांगते. कित्येकदा सांगतही नाही. म्हणून आपणच ती सहजपणे विचारली पाहिजे. तीव्र कंडू, दाह आणि दह्यासारखा घट्ट स्राव ही कॅन्डिडाची लक्षणे होत. चरकसंहितेतील वीस योनिव्यापदांपैकी श्लैष्मिकीशी यांचे साम्य दिसते. मात्र दुर्गंधी, रक्तमिश्रित स्राव किंवा ओटीपोटात वेदना असल्यास निदान वेगळे असू शकते. तेथे स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासणी करवून घ्यावी. वर्षात तीन किंवा अधिक वेळा त्रास उद्भवल्यास स्रावाची प्रयोगशाळेत तपासणी आणि रक्तशर्करेचे मापन अगत्याचे आहे. बुरशीच्या काही जाती नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत.

आपल्या हाती काय आहे?

सौम्य मुखसंसर्गात कोमट त्रिफळा क्वाथाचे कवल, जीभ हळुवार स्वच्छ करणे, रात्री कवळी काढून ती घासून धुणे, दम्याचा स्टेरॉइडयुक्त श्वासपंप ओढल्यावर चूळ भरणे, हे उपाय निर्धोक व उपयुक्त आहेत. योनिकंडूत बाह्य प्रक्षालन, सुती वस्त्रे व जागा कोरडी ठेवणे इष्ट. प्रतिकारदमन झालेल्या रुग्णात पिचू किंवा उत्तरबस्ती यांसारखे आभ्यंतर उपक्रम निर्जंतुकतेची खात्री व तपासणी यांविना करू नयेत. घरचे दही योनीत लावण्याचा प्रघातही थांबवावा. आहारातील दह्याविषयी सांगावयाचे तर आमवातात ते अपथ्यच मानले आहे. हे सर्व उपाय पूरक होत. निश्चित निदान झालेल्या संसर्गात बुरशीनाशक औषधास विलंब लावू नये.

कोणत्या गोष्टी टाळाव्यात?

पहिली गोष्ट, रुग्णाचे प्रतिकारदमक औषध आपल्या अधिकारात बंद करू नये. स्टेरॉइड अचानक थांबविल्यास जीव धोक्यात येतो. इतर औषधे सुटल्यास आमवात उसळून सांध्यांची कायमची हानी होते. गंभीर संसर्गात जैविक औषध काही काळ थांबवावे लागते. परंतु तो निर्णय ते लिहून देणाऱ्या वैद्यकाचा आहे.

दुसरी गोष्ट, ‘प्रतिकारशक्ती वाढवावी’ म्हणून सरसकट रसायनयोग देऊ नयेत. चक्रपाणीने व्याधिक्षमत्वाचा अर्थ केवळ बलवृद्धी असा केलेला नाही. उत्पन्न व्याधीच्या बळास विरोध आणि व्याधीच्या उत्पत्तीस प्रतिबंध असे त्याचे दुहेरी स्वरूप आहे. गुडूचीविषयीही तारतम्य हवे. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांतील यकृतविकाराचा वृत्तांत प्रसिद्ध केला. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षास आक्षेप घेतला आणि वनस्पतीच्या ओळखीचा प्रश्न उपस्थित केला. वाद काहीही असो, मेथोट्रेक्सेट व लेफ्लुनोमाइड यकृतावर भार टाकतात, हे निर्विवाद आहे. अशा रुग्णात यकृताच्या चाचण्या पाहिल्याशिवाय दीर्घकाळ कोणताही योग देणे उचित नव्हे.

तिसरी गोष्ट, एरंडस्नेहाने अथवा अन्य द्रव्याने तीव्र विरेचन देताना मेथोट्रेक्सेटचे स्मरण ठेवावे. जलांश कमी झाला की त्याची विषाक्तता वाढते.

औषधविक्रेत्यांसाठी

ग्राहकाने फ्लुकोनाझोल मागितल्यास चिठ्ठी पाहावीच. शिवाय तो अन्य कोणती औषधे घेतो हेही विचारावे. ते टोफासिटिनिबची रक्तातील पातळी आणि वॉरफरिनचा परिणाम वाढविते. गर्भवतीने ते घेणे टाळावे. मेथोट्रेक्सेट तर गर्भावस्थेत सर्वथा वर्ज्य आहे. त्या गोळ्या देताना पाकिटावर वार लिहून द्यावा. बुरशीनाशक व तीव्र स्टेरॉइड यांचे मिश्रण असलेले मलम खाजेपुरते बरे वाटविते. परंतु बुरशी आतल्या आत पसरू देते. तसेच नाव-पत्ता नसलेल्या, दोन दिवसांत सांधे मोकळे करणाऱ्या पुड्यांत स्टेरॉइडची भेसळ आढळत आली आहे. अशी पुडी दुकानात ठेवणे म्हणजे रुग्णाच्या नकळत त्याचे प्रतिकारदमन करणे होय.

प्रत्येक आमवाती रुग्णाच्या केसपेपरवर चालू औषधे, त्यांचे वार व मात्रा, शेवटची रक्ततपासणी आणि उपचार करणाऱ्या तज्ज्ञाचा दूरध्वनी क्रमांक या चार गोष्टी लिहिल्या जाव्यात, आणि आपण दिलेल्या औषधांची यादी रुग्णाच्या हाती त्या तज्ज्ञापर्यंत पोहोचावी, असे आम्ही सुचवितो.